गोदावरीबाईच्या दुधातलं पाणी

पिपरटोल्याच्या गोदावरीबाईनं वयाची चाळिशी येईपर्यंत दूध विकलं नव्हतं. तूप विकलं होतं, गोवऱ्या विकल्या होत्या, एका साली दारचा कारल्याचा वेल मांडवासकट विकला होता. पण दूध नाही. तिच्या घरी दूध ही विकायची वस्तूच नव्हती. ताक मागायला कोणीही गंज घेऊन यावं आणि भरून न्यावं. कोणाच्या घरी तान्हं लेकरू असलं, तर पावशेर दूध तसंच द्यायचं. मात्र ते दूध उंबरठ्याबाहेर जाण्याआधी गोदावरीबाई त्यात ओंजळभर पाणी टाकायची. कोरडं दूध घराबाहेर गेलं की ढोराला दीठ, म्हणजे नजर, लागते आणि कास आटते, हे तिला लग्न झाल्यावर तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून तिनं कारण विचारलं नव्हतं आणि एक दिवसही चुकवलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा गोठ्यात चौदा ढोरं होती. ती कमी कशी झाली, हे तिचा नवरा टेकचंद नीट सांगू शकत असे, कारण त्यातलं प्रत्येक ढोर त्यानं स्वतः दावं धरून बाहेर नेलं होतं.

आधी नवं धान आलं. आय. आर. आठ. पीक दीडपट झालं आणि टेकचंद आठ दिवस खूश होता. नवव्या दिवशी तो तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, रचायला गेला. जुनं लुचई धान छातीला लागायचं, हे गुडघ्याला लागत होतं. तणशीचा जो ढीग गोठ्याच्या छपरावरून दिसायचा, तो आता छपराखालीच मावला. मग सरकारनं रानाच्या कडेला रोपं लावली आणि चराई बंद केली. गावची ढोरं सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, सवयीनं जमत आणि दुपारपर्यंत तिथंच उभी राहत. मग तुपाचं झालं. भंडाऱ्याच्या ज्या दुकानदाराला गोदावरीबाई बारा वर्षं तूप देत होती, तो एक दिवस म्हणाला, "बाई, तुमचं तूप चांगलं आहे, हीच अडचण आहे. लोक डब्यातलं मागतात."

शेवटी एकोणऐंशी साल आलं. पाऊस आषाढात आला, पाहुण्यासारखा आठ-पंधरा दिवस राहिला आणि गेला. दिवाळीत गावच्या तलावात गाळ होता आणि गाळात बगळे होते. त्या साली टेकचंदनं बैलजोडी ठेवली आणि उरलेल्या सात गाई देऊन एक म्हैस घेतली. सात गाई मिळून जेवढं दूध देत, तेवढं ती एकटी देत होती, आणि खात होती दोघींचं. म्हशीचं नाव कजरी. ती गोदावरीबाईच्याच हाताखाली पहिल्यांदा व्याली, तिला वगार झाली, आणि ती गोदावरीबाईशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नव्हती.

"आता हिचंच दूध विकावं लागते," टेकचंद एका सकाळी म्हणाला. म्हणाला तो बैलांकडे पाहून.

"कोन विकीन?" गोदावरीबाईनं विचारलं.

"मी तं नाई विकत. चार मानसात बसतो मी."

"अन् मी का चार मानसात उभी राहतो?"

टेकचंद बैलांना पाणी दाखवायला उठला, म्हणून गोदावरीबाई गेली.

जवाहरनगर दोन कोसांवर होतं. तिथं कारखान्याच्या लोकांचे क्वार्टर होते, सगळे एका रंगाचे, सगळ्यांच्या दारावर नंबर. तिला चार घरं मिळाली. सकाळचं दूध चार लिटर, एकेका घराला लिटरभर. आता प्रश्न पाण्याचा. गावात दूध एका घरी जायचं, म्हणून एक ओंजळ. इथं ते चार घरी जात होतं. गोदावरीबाईनं दोन दिवस विचार केला आणि चार ओंजळी टाकायला सुरुवात केली. पाण्यामुळं गिऱ्हाइकाचं नुकसान होऊ नये म्हणून ती माप घातल्यावर वरून आणखी ओतायची. तिला हा व्यवहार चोख वाटत होता, आणि तीन महिने तो सगळ्यांना चोख वाटला.

तिचं पहिलं घर चंद्रकांताबाईचं. चंद्रकांताबाईचे यजमान भोजराज कारखान्याच्या गोदामात आलेला माल तपासून घ्यायच्या कामावर होते. आठवडाभर माल तपासून रविवारी त्यांना करमत नसे. अशाच एका रविवारी त्यांनी नागपूरहून दूध तपासायची काचेची नळी आणली. नळी दुधात सोडायची. दूध चांगलं असलं तर ती वर राहते, पाणी असलं तर खाली जाते. गोदावरीबाईच्या दुधात ती खाली गेली.

"मावशी," भोजराज म्हणाले, "दुधात पाणी टाकता का?"

"टाकतो ना," गोदावरीबाई म्हणाली.

भोजराजांनी ती नाही म्हणेल असं धरून पुढचे तीन प्रश्न तयार ठेवले होते. ते वाया गेले. बावीस वर्षांत त्यांनी पुष्कळ माल नाकारला होता, पण माल आणणाऱ्यानं आपणहून खोट सांगितली, असं कधी घडलं नव्हतं.

"किती टाकता?"

"एका घराची एक ओंजळ. तुमची एक, बाजूच्या पंजाबीन बाईची एक, त्या चष्मेवालीची एक, अन् कोपऱ्यावरची."

"रोज?"

"रोज नाई तं काय? एखादं रोज नाई टाकलं अन् म्हशीले दीठ लागली, तं कोन भरून देईन? तुमी?"

तोवर चंद्रकांताबाई बाहेर आली होती, पंजाबीण बाई आली होती, चष्मेवाली आली होती. कोपऱ्यावरचीला बोलवायला जावं लागलं नाही. गोदावरीबाईनं सगळ्यांना ओंजळ करून दाखवली, म्हणजे कोणाला ती मोठी वाटू नये.

त्याच वेळी बाबुलाल दूधवाला सायकलवरून आला. भोजराजांनी त्यालाही विचारलं.

"पानी?" बाबुलालनं दोन्ही कानांना हात लावले. "क्या बात करते साब! बाल-बच्चेवाला आदमी हूँ."

नळी त्याच्या दुधात सोडली. ती जिथं राहायला हवी तिथंच राहिली. बाबुलाल घरूनच दुधावरची साय काढून घेई आणि सायीच्या जागी तेवढंच पाणी घाली. साय गेली की नळी वर जाते, पाणी आलं की खाली येते. दोन्ही केलं की नळीला काही कळत नाही. बाबुलालला हे नळी पाहण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. त्या दिवसापासून चारही घरं बाबुलालची झाली.

गोदावरीबाई भरलेली कॅन घेऊन परत आली तेव्हा टेकचंद दारातच बसला होता.

"खरं काहून सांगतलं?"

"त्यानं इचारलं."

"बाबुलालले नाई इचारलं का?"

"इचारलं ना. तो खोटा बोलला."

"मंग?"

"मंग काय? त्याची म्हस आहे, तो पाहीन."

टेकचंदनं कॅनमध्ये डोकावून पाहिलं. तणीस होळीपर्यंत पुरणार होती. दूध विकलं गेलं तर सरकीची ढेप घेता येणार होती, आणि ढेप मिळाली तर कजरी उन्हाळा काढणार होती. दूध विकलं नाही, तर कजरीला बाजार. यात तिसरी वाट त्याला दिसत नव्हती. गोदावरीबाईलाही दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी न टाकता निघायचं ठरवलं. कॅन उचलली, उंबरठ्यापर्यंत आली आणि उभी राहिली. पाय उचलेना. टेकचंद म्हणाला, "मागच्या भितीवरून दे. उंबरठाच नाई लागत." ही गोष्ट तिला पटली. ती आतून, तो बाहेरून, असं करून कॅन मागच्या भिंतीवरून गावात उतरली. भिंत थोडी ढासळली.

जवाहरनगरला जाऊन तिनं भोजराजांना सांगितलं, "आज नाई टाकलं."

"काल टाकलं म्हणता, आज नाही म्हणता," भोजराज म्हणाले. "मग उद्या काय म्हणाल?"

"उद्याचं उद्या इचारा."

चंद्रकांताबाई दारातून म्हणाली, "राहू द्या, मावशी." आवाज मऊ होता, पण भांडं बाहेर आलं नाही.

त्या संध्याकाळी कजरीनं बादलीला लाथ मारली. दूध सगळं जमिनीवर. गोदावरीबाई टेकचंदकडे पाहत राहिली आणि टेकचंद भिंतीकडे पाहत राहिला. बिनपाण्याचा प्रयोग तिथं संपला.

गुरुवारी धनीराम दलाल आला. त्यानं कजरीचे दात पाहिले, कास पाहिली, शेपूट उचलून पाहिली आणि तोंड कडू केलं. म्हैस चांगली असली की धनीराम तोंड कडू करत असे, त्यामुळं टेकचंदला बरं वाटलं आणि गोदावरीबाईला वाईट.

"शनिवारी घेऊन जातो," धनीराम म्हणाला.

"कोन्या वाटेनं?" गोदावरीबाईनं विचारलं.

"जवाहरनगरच्या वाटेनं. काहून?"

"दोन कोस चालन ती? ओली, दुधाची म्हस आहे."

"दोन कोसाले काय होते वो बाई? म्हसच आहे, बाहुली आहे का? आरामात जाईन."

धनीराम गेल्यावर गोदावरीबाई गोठ्यात जाऊन बसली. जेवायच्या वेळी तिनं टेकचंदला विचारलं, "अजी, दूध घराबाहेर कोरडं जाऊ नये. पन म्हस जावं का नाई?"

टेकचंदनं घास खाली ठेवला. "म्हस तं रोजच जाते."

"मंग तिच्या कासेतलं दूध?"

हा प्रश्न गावात कोणी काढला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "ते दूध नाई झालं अजून. ते म्हसच आहे."

शुक्रवारी पहाटे कजरी पुढे, वगार मागे आणि त्यांच्या मागे रिकामी बादली घेऊन गोदावरीबाई, अशा तिघी जवाहरनगरच्या फाटकाशी आल्या. फाटकावरचा शिपाई परप्रांतातला होता, वयस्कर होता आणि नियमाचा पक्का होता. गोदावरीबाईला तो ओळखत होता. कजरीला ओळखत नव्हता.

"यह कौन?"

"म्हस."

"वह तो दिख रहा है. अंदर काहे को?"

"दूध द्याले."

"दूध तो तुम देती हो."

"मी कुठून देईन, भाऊ? हेच देते."

शिपायाला हे नाकारता येईना. आत येणाऱ्याची नोंद करायची, एवढाच नियम होता आणि त्यात माणूसच पाहिजे असं लिहिलेलं नव्हतं. त्यानं रजिस्टर उघडलं. नाव : कजरी. गाव : पिपरटोला. कोणाकडे : चंद्रकांताबाई. काम : दूध. वगारीचं नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून तिला 'साथ में एक' असं लिहिलं. मग त्यानं येण्याची वेळ टाकली आणि बजावलं, "जाते टाइम बताके जाना."

क्वार्टरसमोर गोदावरीबाईनं वगार सोडली, कजरीला पान्हा फुटला, वगार बाजूला बांधली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती धार काढू लागली. भोजराज कामावर जायच्या तयारीत होते, तरी नळी घेऊन आले. फेसाळलेल्या ऊन दुधात त्यांनी नळी सोडली. नळी खाली गेली.

त्यांनी ती पुसून पुन्हा सोडली. पुन्हा खाली.

"पाणी आहे," भोजराज म्हणाले. मग त्यांनी बादलीकडे पाहिलं, कजरीकडे पाहिलं आणि पुन्हा नळीकडे पाहिलं. ताज्या, गरम, फेसाच्या दुधात नळी अशीच चुकते, हे नळीच्या डबीतल्या कागदावर इंग्रजीत छापलेलं होतं. कागद चंद्रकांताबाईनं चूल पेटवायला घेतला होता.

"आता म्हशीलाच विचारा," चंद्रकांताबाई म्हणाली. "नाहीतरी मावशीकडची मंडळी विचारलं की खरं सांगतात."

आणि ती आत जाऊन भांडं घेऊन आली. तिच्यामागून पंजाबीण बाई, चष्मेवाली आणि कोपऱ्यावरची. शनिवारी धनीराम आला तेव्हा म्हैस जवाहरनगरला गेलेली होती. तो तासभर थांबला, चहा प्याला आणि निघून गेला.

पंधरा दिवसांत अकरा घरं झाली. पण दोन वेळा दोन-दोन कोस चालून कजरीचं दूध उतरू लागलं. तेव्हा गोदावरीबाईच्या लक्षात आलं की कॉलनीच्या भिंतीबाहेर, पाण्याच्या टाकीच्या अंगाला, टाकी भरून वाहते ते पाणी एका खड्ड्यात साचतं. गावातला तलाव सुकून फाटलेला होता आणि इथं कमरेइतकं हिरवं गवत उभं होतं. तिनं तिथं बाभळीखाली चार बल्ल्या रोवल्या, वर पऱ्हाट्या टाकल्या आणि होळीनंतर कजरीला घेऊन तिथंच राहायला गेली. जागा कोणाची, हे तिला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं असतं तर तिनं तसं सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

झोपडीला तिनं उंबरठा ठेवला नाही.

तो उन्हाळा पिपरटोल्याला जड गेला. गावातली निम्मी ढोरं विकली गेली आणि विकत घेणारेही थकले. कजरी दिवसभर खड्ड्यात बसून राही, नाकपुड्या तेवढ्या बाहेर. टेकचंद दर शनिवारी बंडी घेऊन येई. येताना तांदूळ आणि जवसाची चटणी आणी, जाताना बैलांसाठी हिरवं गवत भरून नेई. घरी त्याला एकट्याला रांधावं लागत होतं. "भात येते मले आता," तो एकदा म्हणाला. "वरन नाई येत."

"तुरीच्या दाळीले पानी जास्त लागते," गोदावरीबाई म्हणाली.

ऐंशी सालचा पाऊस मात्र वेळेवर आला आणि मुक्कामाला आला. जुलैत टेकचंद शनिवार नसताना आला. त्याच्या पोटऱ्यांना चिखल होता.

"रोवणा लागला," तो म्हणाला. "वीस दिवस बायाच भेटत नाईत. तू पाहिजे. चाल."

"अन् हे?"

"हिलेबी घेऊन चाल."

"रस्ता पाहिला का? गुडघाभर गारा, नुसता चिखल. वगार फसन. अन् वीस दिवस दूध नाई दिलं, तं बाबुलाल बसूनच आहे."

टेकचंद झोपडीच्या बल्लीला टेकून उभा राहिला. धान रोवलं नाही तर साल गेलं. म्हैस सांभाळली नाही तर म्हैस गेली. तो हळूच म्हणाला, "धनीराम परवा भेटला होता."

चंद्रकांताबाई दूध घ्यायला आली होती. भांडं हातात धरून ती दोघांचं ऐकत होती.

"वीस दिवस मी काढते धार," ती म्हणाली.

गोदावरीबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. धुतलेली गोल साडी, हातात घड्याळ. "तुमी?"

"लाखांदूरकडचं माहेर आहे माझं. लग्नापर्यंत आठ म्हशी होत्या हाताखाली. इथं आल्यावर कोणाला सांगितलं नाही, एवढंच."

"काहून नाई सांगतलं?"

"कोणी विचारलं नाही," चंद्रकांताबाई म्हणाली. मग तिनं घड्याळ काढून टेकचंदच्या हातात दिलं.

त्याच संध्याकाळी ती कासेशी बसली. कजरीनं मान वळवली, वास घेतला आणि दूध चोरलं. वगार सोडून पाहिली, ढेप ठेवून पाहिली. थेंब नाही. गोदावरीबाई शांतपणे झोपडीत गेली, आपलं शेणानं माखलेलं जुनं लुगडं घेऊन आली आणि चंद्रकांताबाईच्या अंगावरून तिनं ते डोक्यापासून लपेटलं. स्वतः बाभळीमागे जाऊन उभी राहिली. कजरीनं पुन्हा वास घेतला. थोडा वेळ ती विचारात पडली. मग बादलीत पहिली धार वाजली.

एवढ्यात कारखान्याची बस आली. शिफ्ट सुटलेली होती, बस भरलेली होती आणि टाकीच्या वळणावर ती हळू होत असे. एकाच वेळी पुष्कळ लोकांनी पुष्कळ खिडक्यांतून पाहिलं. भोजराज खाली उतरले. त्यांनी लुगड्यातल्या बाईकडे पाहिलं, आधी दुसरीच समजून, मग ओळखून. बस त्यांच्यामागं उभीच होती.

"रस्सी धरा," चंद्रकांताबाई खालूनच म्हणाली. "वगार ओढून राहिली."

भोजराजांनी जेवणाचा डबा खाली ठेवला आणि वगारीची रस्सी धरली. मग बस गेली.

धार संपली तेव्हा गोदावरीबाई बाभळीमागून आली आणि तिनं बादलीत पाहिलं. रोजच्यापेक्षा लिटरभर कमी होतं.

"नव्या हाताले इतकं जातेच," ती म्हणाली. "चार रोजात येईन."

तिनं ढेप कुठं आहे ते दाखवलं, खड्ड्यातून कजरीला बाहेर काढताना कोणत्या बाजूनं हाकायचं ते सांगितलं. कोपऱ्यावरची रोज आणखी थोडं मागते, तिला द्यायचं, पण लगेच द्यायचं नाही, हेही सांगितलं. टेकचंदनं घड्याळ परत केलं. ते त्यानं तोवर मुठीत धरून ठेवलं होतं. मग दोघं पावसातून पिपरटोल्याच्या वाटेला लागली. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोप उपटून ठेवलेलं होतं आणि सकाळी सूर्य निघायच्या आत रोवायला उतरायचं होतं.